सुकतीची नावं

माझं दुकान दाभोळच्या जेटीवर:
सातबारा, पॅनकार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन.
परकार मॅडम आल्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यासकट.
आत एकतीस वर्षांची कार्डं,
खाडीच्या तोंडातल्या एकेका खडकाचं नाव,
कुणी सांगितलं, कधी, कुठल्या होडीत बसून,
आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं: बहुधा.
डब्याच्या बुडाशी कॅसेटी.
पुस्तक निघेल रे मोरेश्वर, म्हणाल्या,
पण आवाज कुठल्या पानावर चिकटवू?

मी नकाशा घेतला, ठिपके ठेवले.
ठिपक्यावर बोट टेकलं की कॅसेटमधला म्हातारा बोलतो,
मागे इंजिनाची धडधड, एक कोंबडा.
कोंबडा काढायला निघालो तर
मॅडमनी हात धरला:
असू दे, त्यावरून वेळ कळते.

फॉर्ममध्ये नावाची चौकट एकच.
म्हातारीच्या दाताला नावं तीन:
हे खारव्यांचं, दुसरं दालद्यांचं,
तिसरं सर्व्हेवाल्या साहेबानं
ऐकू आलं तसं लिहून नेलेलं.
खरं कुठलं? मी विचारलं.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
मग मी चौकटी वाढवल्या.
‘बहुधा’लाही एक दिली,
फिकट राखाडी, पण दिली.
तळटिपा पाण्याखाली ठेवल्या,
जागाच त्यांची ती.

दोनदा लाइट गेली, एकदा टॉवर.
एकदा मीच वैतागलो, कोण बघणार आहे हे?
त्यांनी पुढचं कार्ड हातात दिलं.

बाहेर काढण्याआधी जाणकाराला दाखवायचं असतं म्हणे.
जाणकार म्हणजे काशिराम जाक्कर, वय एक्क्याऐंशी,
फेरीबोटीची वाट बघत बाकड्यावर.
त्यांच्या बोटाचा खवला स्क्रीनला चिकटला.
दात दाबला. ऐकलं. मान हलवली.
“आता भरती हाय. आता त्येला नाव नाय.”
आं?
“दिसला का नाव. बुडाला का नुसता धोका.”

मॅडम त्यांच्याशेजारी बसल्या.
एकतीस वर्षं, म्हणाल्या,
आणि हे मी विचारलंच नाही कुणाला.
हसल्या, की तसंच काहीतरी.

पुढचे तीन आठवडे एका पट्टीत गेले,
डावीकडे सुकती, उजवीकडे भरती.
सरकवली की नावं वर येतात, निथळतात,
उलटी सरकवली की जातात.
कार्ड एक नवं लिहिलं:
सांगणार जाक्कर, ठिकाण जेटी, होडी नाही.
कोपरा कोराच ठेवला.

प्रकाशन अवसेला, संध्याकाळी सहाच्या सुकतीला.
बटण त्यांनी दाबलं, चहा मी सांगितला.
त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं,
तेवढ्याच टायपात.
गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

शटर ओढण्याआधी आकडा बघितला:
तिघं.
एक त्या. एक मी.
तिसरं कुणीतरी मस्कतहून,
चाळीस मिनिटं झाली,
पट्टी सुकतीवर ठेवून बसलेलं.