हॉर्नचा कागद

ताटं सरकवून मेस्त्र लिबेरातनं कागद पसरला.
बोटांना अजून चोरिसाचं तेल,
आणि फोनमधून एक इंग्रज म्हातारी
खोकत खोकत गात होती.

ओलिंदा तिकडे स्विंडनला रात्रपाळीत
तिची कूस बदलून देते.
म्हातारी स्वतःचं नाव विसरली, हे नाही विसरली:
मुलगा मीठ आणायला तरीतून पलीकडे गेला.
आई विचारते तांडेलाला, कावळ्याला, मीठवाल्याला.
अकरा कडवी, चाल एकच,
आणि कुणीच त्याला पाहिलेलं नाही.

"अकरा वेळा तेच?" फेलिझार्द कॉर्नेट पुसत म्हणाला,
"लदीन संपली की लोक चण्यांकडे वळतात, मेस्त्र."

माझं काम फक्त नकलून देण्याचं.
आगशीच्या मराठी शाळेतून निवृत्त, अक्षर बरं.
पण कान आहेतच. म्हटलं, हा तर काफी,
गंधार कोमल, निषाद कोमल.
"असेल," मेस्त्र म्हणाला, "म्हातारीला सांगू नका."

फेलिझार्दनं निषाद चढवून वाजवला,
आपल्याकडच्या लग्नात शोभेल असा.
मेस्त्रनं हात वर केला.
"ना रे. ही बाई उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते.
तिला आत ढकलू नको."

मग वाटणी. पहिलं कडवं युफोनियमला, एकट्याला.
तरीचं ट्रॉम्बोनला: नळी जाईल तेवढी नदी.
कावळ्याला कॉर्नेट, तोंडात बूच घालून.
ट्यूबानं खाली एकच सा धरायचा,
मिठागरात अडवलेलं पाणी असतं तसा.

सातव्यात मुलगा स्वतः बोलतो.
तिथं मेस्त्रनं पेन्सिल चावली, खोडलं,
पुन्हा खोडलं, कागद विरला.
शेवटी सगळ्यांना विराम. सोळा मापं.
आणि एक वेगळं पान: हॉर्न.

"हॉर्न कोण वाजवणार? ओलिंदा तर..."
"तुम्ही लिहा, मास्तर."

नुसते विराम लिहायला मला रात्र लागली.
एवढं सुबक मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

खुरसाजवळ पाच माणसं, सहा खुर्च्या.
चौथ्या कडव्याला काहीजण चण्यांकडे गेलेच.
सातव्यात कुठंतरी मोटरसायकल, कुठंतरी पोर,
आणि झुआरीवरून वारा.
स्टँडवरचं पान उडालं.
फेलिझार्दनं कॉर्नेट काखेत धरला,
पान उचललं, सरळ केलं,
आणि आपल्या खुर्चीचा चिमटा काढून
त्या खुर्चीला लावला.

आठव्या कडव्यात तो अर्धं माप उशिरा आला.
मेस्त्र काही बोलला नाही.