तुझ्याइतकाच तरबेज

फॉर्मवर एक प्रश्न असतो.
कायानीत चोवीस वर्षं मी तो लोकांना वाचून दाखवते,
चष्मा कपाळावर सरकवून, पाढे म्हटल्यासारखा:
तुझ्याइतकाच तरबेज माणूस
तुझ्या जागी ठेवायचा झाला
तर वर्षाला त्याला किती देशील?

कोणी हसतं. कोणी खिडकीबाहेर बघत राहतं.
केस कापणारी तूइया म्हणाली, माझ्याइतकी?
तशी मिळायची नाही.
आणि लिहिला मात्र सगळ्यांत खालचा आकडा,
कारण आकड्यावर हप्ता ठरतो,
आणि हप्ता दर महिन्याला दारात उभा.
आजार काय, आला तर आला.

ओस्मो केंपाइनेन आला तेव्हा मार्च होता,
नखांत विटेचा तांबूस भुगा.
तो चुली बांधतो. म्हणजे विटांच्या छातीएवढ्या भट्ट्या,
संध्याकाळी पेटवल्या की सकाळपर्यंत घर धरून ठेवणाऱ्या.
प्रश्न ऐकून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, धूर कुठे अडेल
हे पहिली वीट लावण्याआधी ज्याला कळतं
त्याला मी माझी व्हॅन देईन.
व्हॅन लिहिता येत नाही, मी म्हटलं,
आकडा सांग. आणि खालीच ठेव, ओस्मो,
तुझ्यासारख्या बैलाला काय होतंय?

मीच म्हणाले.
इथे लिहून ठेवते,
त्याच्या फायलीत ते कुठेच नाही.

ऑक्टोबरात, पाल्तामोच्या एका उन्हाळी घरात,
फळी सरकली.
फार उंचावरून नाही, चार हात असेल.
उजवा खांदा आतून फाटला.
हातावर पोट, आणि हातच
गळ्यातल्या पट्ट्यात टांगलेला.
पाच महिने, डॉक्टर म्हणाली, निदान पाच.

पत्र आलं. सभ्य होतं.
इथली सरकारी पत्रं सभ्यच असतात.
पहिले काही दिवस मोजायचे नाहीत, बरं,
त्या दिवसांत माणूस कशावर आजारी पडतो
ते पत्रात नव्हतं.
आणि पुढच्या दिवसांना तळाचा दर,
'आपण स्वतः नोंदवलेल्या कामाच्या किमतीनुसार.'

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
डाव्या हाताने कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला,
रायली, मी इतका स्वस्त होतो?

मी समजावलं. कर वेगळा, विमा वेगळा.
कर तू पुरता भरलास,
पण आजार त्या दारातून येत नाही,
त्याची खिडकी दुसरी, तिथे फक्त तो एक आकडा बघतात.
त्याने मान हलवली, न कळलेल्या माणसासारखी नाही,
कळलेल्यासारखी.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
अंथरूण मीच कातरलं होतं,
काटकसर म्हणून, चांगल्या कात्रीने,
आणि त्या माणसाचे पाय केवढे लांब.

कर पुरता भरला, पैन् पै,
एका चुलीचा सोडून.
ती माझ्या मागच्या खोलीत आहे.
नऊ वर्षांपूर्वीची, रोखीची.
पावती राहू दे म्हणणारी, तीही मीच.

आता जानेवारी. बाहेर उणे सव्वीस.
त्याच चुलीला पाठ लावून
मी माझा स्वतःचा फॉर्म भरते आहे,
कारण मीही कोणाची नोकर नाही,
आणि डावा गुडघा हल्ली जिन्यावर कुरकुरतो.
माझ्याइतकीच तरबेज बाई.
तिला किती द्यावं?
एक आकडा लिहिला. खोडला.
दुसरा लिहिला, तो वाचूनच लाज वाटली,
कमी म्हणून की जास्त म्हणून, सांगता येत नाही.

नऊच्या सुमारास त्याचा फोन.
थंडी फार आहे, झडप लवकर लावू नकोस,
निखारे काळे पडेस्तोवर थांब,
नाहीतर झोपेतच जाशील.
एवढंच. खांद्याचं काही बोलला नाही.

ह्या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत.
माझ्या सल्ल्याचे मी घेतले होते,
पावतीसकट.