अक्कलदाढ

तेविसाव्या वर्षी मला अक्कलदाढ आली,
आडवी, शेजारणीला ढुशी देत.
दातावर मारायला पैसा नव्हता तेव्हा.
होती ती दहा-दहा तेत्रीची नाणी,
मोहरीच्या रिकाम्या बरणीत,
फक्त लिफ्टसाठी.

तिबिलिसीच्या पार टोकाला, ग्लदानीत,
नवव्या मजल्यावर आम्ही चौघं.
वर जायचं तर डब्यात नाणं टाकायचं,
उतरणं फुकट.
बाचो म्हणायचा, या देशाची सगळी कहाणी एवढ्यात आली.
तो स्वतः जिने चढायचा
आणि वाचवलेल्या नाण्यांच्या सिगारेटी ओढून
सातव्या मजल्यावर धापा टाकत बसायचा.

केतो दंतवैद्यकाच्या चौथ्या वर्षाला.
परीक्षेसाठी तिला एक तोंड हवं होतं.
"तुझं फुकटात करते.
फक्त हलू नकोस, आणि सरांसमोर
मला लाडाच्या नावाने हाक मारू नकोस."

तिचा हात थरथरत होता.
मी वर बघत राहिले, तिच्या भुवईतल्या फटीकडे,
जी तेकलेने चिमटा चालवून पाडली होती.
चाळीस मिनिटं.
दाढ निघाली दोन तुकड्यांत.
शेजारणीत खड्डा सापडला, तोही तिने भरला,
जरासा उंच.
"सवय होईल," म्हणाली.
झाली.

त्या रात्री तेकलेने राजमा चमच्याने रगडून
मला भरवला, गालाखाली टॉवेल धरून,
आणि बाचोने दाढेचे तुकडे
नाण्यांच्या बरणीत टाकले.
घरात अक्कल असावी थोडी, म्हणाला.

दर नव्या वर्षाला आम्ही दाराच्या चौकटीवर उंची मोजायचो.
बावीस, तेवीस, चोवीस.
कोणी वाढत नव्हतं.
रेघेवर रेघ, पेन्सिल बोथट होईपर्यंत.

घर सोडताना मालकिणीने
त्या रेघांचे एकशे दहा लारी कापून घेतले.
कोणी भरायचे, यावरून जे सुरू झालं
ते कुठून कुठे गेलं.
मी केतोच्या हाताबद्दल बोलले.
थरथरण्याबद्दल.
तिने बरणीतली नाणी मोजली, चार वाटे केले,
आपला तिथेच ठेवला आणि निघून गेली.
खाली. फुकट.

मग प्रत्येकाचं काहीतरी झालं.
तेकले पोलंडला गेली, तिथून रात्री दोनला
सात-सात मिनिटांचे आवाज पाठवते,
त्यात मागे कोणाचं तरी बाळ रडत असतं,
पुढे पुढे तिचंच.
मी पडदे विकत घेतले. चांगले, अस्तराचे.
लावून झाल्यावर खुर्चीवरून उतरले
आणि कोणाला हाक मारायची ते सुचेना.
डाव्या बाजूने चावायची सवय
कधी लागली, तेही आठवत नाही.

बाचोचे वडील गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची.
फाटकाबाहेर काळ्या कपड्यांत उभे पुरुष,
मान खाली, सिगारेट मुठीत लपवून.
लिफ्ट तसलीच. डबा मात्र गेलेला,
आता कार्ड लागतं.
माझ्या कोटाच्या अस्तरात एक नाणं होतं,
ते घेऊन मी उभी राहिले.

मागून हात आला. कार्ड टेकलं.
नखं बारीक कापलेली.

दोघी आकड्यांकडे बघत होतो.
तीन. चार. दातखीळ बसलेली.
पाचव्यावर ती म्हणाली,
"आ कर."
मी केला.
फोनचा उजेड, बोट गालाच्या आत,
जरासुद्धा न हलणारं.
"टिकलंय," ती म्हणाली.
मग बराच वेळ, म्हणजे एक मजला, गप्प.
"उंच आहे गं. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

तोंड मिटायचं राहून गेलं
आणि दार उघडलं.
समोर बाचो, वडिलांचा कोट घालून,
येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात हातात घेत.
कोट त्याला नेमका बसत होता.