शोकप्रस्तावासाठी अर्धं पान

साडेदहाला सचिवांच्या खोलीतून चिठ्ठी आली:
माजी मुख्यमंत्री कै. पुरसो रायू तारी,
अल्पपरिचय, अर्धं पान,
दुपारच्या बैठकीआधी.

जन्म काराभाटला, मांडवीच्या वरच्या अंगाला.
तारखा दोन सापडल्या.
पोर्तुगीज दाखल्यात एक,
शाळेच्या पटावर दुसरी, मास्तरांनी सोयीने लावलेली.
मी पटावरची घेतली.
शिक्षण मराठी चौथी, वर प्रिमेर ग्राव,
मग म्हापशाला एका वकिलाकडे कागद लिहिणं.
वडिलांसाठी रकाना नाही.
वडील होडी वल्हवायचे.

पंच, सरपंच, तीनदा आमदार,
एकदा बांधकाममंत्री,
आणि मुख्यमंत्री, अकरा महिने सहा दिवस.
ते सहा दिवस मी बोटांवर दोनदा मोजले.
राजीनाम्याचा दिवस धरावा की नाही
याचा नियम नाही आमच्याकडे.

ठळक कार्य: काराभाटचा पूल.

तेव्हा रायू ऐंशीचे होते.
उद्घाटनाला सरकारी गाडी पाठवली, बसले नाहीत.
आपल्याच होडीतून आले, खालून,
नव्या खांबाला दोर बांधून
मान वर करून बघत राहिले.
मुलाची टोपी तेवढी दिसली असेल.
संध्याकाळी विचारलं, भाडं किती ठेवलंस?
काही नाही बाबा. फुकट.
"पयसो हातांत दितना मनीस तोंड पळयता रे.
आतां तुजें तोंड कोण पळयतलो?"

हे मला कायतानने सांगितलं, त्यांच्या ड्रायव्हरने,
कँटीनच्या पायरीवर, पोई चहात बुडवत.
अर्ध्या पानात ते बसत नाही.

पुढच्या निवडणुकीत दोनशे बारा मतांनी पडले.
पलीकडच्या काठाच्या पेट्या उघडेपर्यंत
पुढे होते.
मी पलीकडच्याच काठची.
मत कोणाला दिलं ते विचारू नका.

सरकार त्याआधीच गेलं होतं.
तीन आमदार जेवणावरून हात धुवायला उठले
ते सकाळी समोरच्या बाकांवर दिसले.
छापायचं ते वर्तमानपत्रांनी छापलं.
तारी सभागृहात एवढंच बोलले,
कार्यवाहीत आहे, पान एकशे चौदा:
"माणसं एका अंगाला सरकली
म्हणून होडी कलंडली, असं म्हणू नये.
तारी झोपला होता म्हणावं."
पुढे कंसात: हशा.

तो कंस माझा.
तेव्हा मी लघुलेखक होते, पहिल्या रांगेखाली बसायचे.
हसलं कोणीच नव्हतं.
मला वाटलं, हसायला हवं होतं कोणीतरी,
खाली बसताना माणसाला बरं वाटलं असतं.
एकोणतीस वर्षांच्या नोकरीत
मी घातलेला तेवढाच एक खोटा शब्द.

शेवटी शेवटी बुधवारी यायचे ग्रंथालयात,
माजी सदस्याचा पास गळ्यात.
जुने अर्थसंकल्प मागवायचे, उघडायचे नाहीत.
खिडकीशी बसून मनगटावरचं घड्याळ बघायचे.
एकदा विचारलं, भाई, कुठे जायचंय का?
म्हणाले, नाही गो,
सुकती लागली असेल आता.

दोन वाजता अर्धं पान वाचलं गेलं.
सभापती "काराभाट"वर अडखळले.
सगळे उभे राहिले दोन मिनिटं, म्हणजे
मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं,
एक मिनिट दहा सेकंद.
मग खुर्च्या सरकल्या,
प्रश्नोत्तरं सुरू झाली, तारांकित प्रश्न पहिला,
कचऱ्याचा.

संध्याकाळी पुलाच्या अलीकडेच उतरले.
धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ,
खालच्या तीन पाण्यात,
दोर बांधायची लोखंडी कडी
गंजून भिंतीचाच रंग झालेली.
उरलेले पन्नास सेकंद
मी तिथे उभी राहिले.
थोडे जास्तच झाले असतील,
पुढची बस चुकली.