तीन नंबरची मशीन

मानवतला मोंढ्याच्या मागं
रसवंतीच्या वरच्या खोलीत माझं गेम पार्लर.
चार कॉम्प्युटर, एक जुना कन्सोल
आणि खिडकीत चार्जिंगला लावलेला
बहिणीचा, दैवशालाचा टॅब.

कन्सोलचं बरं असतं.
बटण दाबलं की खेळ तयार.
तो काही विचारत नाही,
काही विचारूही देत नाही.
पोरं सतरंजीवर फतकल मारून बसतात,
अर्ध्या तासाचे वीस रुपये,
भांडतात ती फक्त आपसात.

कॉम्प्युटर म्हणजे कटकट.
जिनिंगं सुरू झाली की
कापसाची तूस उडत येते गावभर,
पंख्यात बसते, मशीन धापा टाकते.
मोंढा बंद त्या दिवशी
मी चारही डबे उघडून ब्रश फिरवतो.
लाईट गेली की पोरांच्या शिव्या मला,
महावितरणला एकही नाही.
पण झाकण उघडतं.
आत हात घालता येतो.
एवढ्यासाठी मी हा धंदा करतो
असं सांगितलं तर लोक हसतील.

संतुक आला तो कार्तिकात.
रोलरनं मागच्या सालीच
त्याची उजव्या हाताची दोन बोटं ठेवून घेतलेली,
अंगठ्याशेजारची, लागून.
म्हणाला, गाडीचा गेम लाव.
कन्सोलचा रिमोट हातात दिला.
रेसचं बटण बरोबर तिथं
जिथं त्याचं बोट नव्हतं.
सेटिंगमध्ये गेलो.
तीन प्रकार होते निवडायला,
तिन्ही दहा बोटांच्या माणसाचे.

मग टॅब दिला.
काचेला कड नसते,
बोटाला कळत नाही आपण कुठं आहोत,
आणि जे वळण बघायचं
तेच अंगठ्याखाली झाकलं जातं.
दोनदा गाडी खड्ड्यात गेल्यावर
टॅबनंच विचारलं, आपोआप चालवू का?
त्यानं हो दाबलं.
गाडी सुतासारखी गेली, पहिली आली,
पडद्यावर नाण्यांचा पाऊस.
संतुक बघत राहिला.
म्हणाला, "मंग मी कामून बसलाव इथं?"

तीन नंबरच्या मशीनवर
आम्ही तीन रात्री काढल्या.
वळणं डाव्या हाताला दिली,
रेस अंगठ्याला, स्पेसबारवर,
ब्रेक करंगळीला.
करंगळी आयुष्यात पहिल्यांदाच
जबाबदारीच्या कामाला लागलेली,
घाबरून दाबायची, गाडी गरकन फिरायची.
पुन्हा मेनू, पुन्हा थोडं कमी, थोडं जास्त.
खाली रसवंतीवाल्यानं घुंगरू काढून ठेवलं तरी
आम्ही वर तेच करायलाव.
तिसऱ्या रात्री आठांत सातवा आला.
खुर्ची मागं पडली, इतक्या जोरात उठला.

दैवशालाला सांगितलं तर म्हणाली,
"तुम्हाला बरा येळ हाय."
ती नर्स, सरकारी दवाखान्यात.
दोन बाळंतपणांच्या मधल्या दहा मिनिटांत
टॅबवर फळांना फळं जुळवते.
जुळलं नाही तर टॅब दाखवतो, हे घ्या, हे हलवा.
"दिवसभर समदं माझ्याच हातात असतंय," म्हणाली,
"एक गोष्ट तरी आपोआप होऊ दे की."
यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नाही.

हंगाम संपला, संतुक वाळूजला गेला.
फोन येतो कधीतरी, गाडीच्या गोष्टी नाहीत त्यात,
ओव्हरटाईमच्या आहेत.
त्याची मांडणी तीन नंबरवर तशीच आहे.
नवं पोरगं बसलं की ओरडतं,
"काका, हिच्या चाव्या उलट्या हायत!"
मी म्हणतो, चारवर जा.
पुसायला एक क्लिक लागते.
दर वेळी तूस काढताना आठवतं,
आणि मी झाकण लावून टाकतो.

रात्री शटर ओढून
तंगड्या पसरून
मीही टॅब घेतो, आपोआप लावतो,
पहिल्या वळणाआधी डोळा लागतो.
सकाळी टॅब सांगतो,
अभिनंदन,
रात्रीतून तुम्ही चौदा शर्यती जिंकलात.