क्षार

आमच्याकडे किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो.
लोकमान्य नगरात नर्मदा येते एक दिवसाआड,
मधल्या दिवशी बोअर.
रात्री लिंबू पिळून ठेवते, सकाळी खरवडते,
आणि नऊ वाजता गीता भवनच्या चौराह्यावर
तिसऱ्या मजल्यावर, चपला काढून, केस झाकून
ज्या पाण्याशी माझं काम
त्यातून आधी सगळं काढून घेतलेलं असतं.
मग मोजून परत घातलेलं:
मीठ, साखर, कॅल्शियम. चिमटीच्याही शंभराव्या हिश्श्यात.
तेवढंही नसेल तर डिशमधलं कुणीच
कुठेही पोचत नाही.

शेपटीच्या कडेनं बारीक दारं असतात, रांगेनं, बंद.
बीज जवळ आहे अशी चाहूल लागली की उघडतात.
कॅल्शियम आत घुसतं,
आणि इतका वेळ शहाण्यासारखं सरळ पोहणारं ते
दोरीला हिसका द्यावा तसं
शेपूट आपटायला लागतं.
डोक्यावरची टोपी टाकून देतं.
तेवीस वर्षं बघतेय.
अजून भिंगावरून डोळा उचलवत नाही.

ओंकार सोलंकी टँकर चालवतो, बायपासच्या पलीकडे.
सुगना शिवणकाम करते, बोलत नाही फारसं.
दोन खेपा वाया गेलेल्या.
दुसऱ्या खेपेला नऊ बीजं होती,
सुई घेऊन नऊंच्याही आत मी एकेक सोडला.
सकाळी नऊच्या नऊ तशीच,
पुसून ठेवलेल्या काचेसारखी.

तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता.
"मैडम, हमारे यहाँ बोरिंग का पानी है।
चूना बहुत है उसमें।
उसी से तो नहीं?"

उलटं आहे, म्हटलं.
पण कसं उलटं, ते मला हिंदीत सांगता येईना.
मराठीतही आलं नसतं.
बीजाच्या पोटात स्वतःची कोठी असते, भरलेली.
येणाऱ्यानं एक निरोप आणायचा असतो
की कोठी उघडते,
कॅल्शियमची लाट या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग शांत. मग परत लाट.
तास न् तास, कुणी कळ दाबत असल्यासारखी.
याचे पोचत होते सगळे.
निरोप विसरून येत होते.

तिसऱ्या खेपेला सात.
औषधाचा थेंब, दहा मिनिटं, कमी नाही जास्त नाही.
बाहेरचं कॅल्शियम आपणच आत ढकलायचं,
एकच लाट, ओबडधोबड,
आणि आशा अशी की तेवढ्यानं तिला जाग येईल.

दहा मिनिटं घड्याळाकडे बघण्याखेरीज काम नसतं.
माझ्या पर्समध्ये कालचा रिपोर्ट होता,
खुब्याचं हाड विरळ झालंय.
दिवसाला दोन गोळ्या, जेवणानंतर.
चव पाटीवरच्या पेन्सिलीची.
दुसरीत असताना मी डबाभर पेन्सिली खाल्ल्या,
आईनं हातावर फूटपट्टी मारली.
शरीराला कळत असावं काहीतरी,
किंवा नसेलही, मला आवडायच्या एवढंच.
मला मूल नाही. हे रिपोर्टात नव्हतं.

टिंग झालं. बीजं धुतली, दुसऱ्या थेंबात ठेवली,
इनक्युबेटरचं दार लावलं,
लावलंय का ते परत पाहिलं.

सतरा तासांनी
एकात काही नाही.
दुसऱ्यात काही नाही.
तिसऱ्यात दोन वर्तुळं, शेजारी शेजारी,
एक त्याचं एक तिचं.
चौथ्यात. पाचव्यात. सातव्यात.

पुढचं पुढे. चारांतलं एक रुजेल,
किंवा एकही नाही, हे मी कुणालाच सांगत नाही.
आकडा सांगायचा नियम आहे, तो सांगायला फोन केला.
मागे पाणी कोसळत होतं, मोटर घरघरत होती.

चार, मी म्हटलं.

"चार टैंकर? कहाँ भिजवाना है?"

मी बोलले नाही.
थोड्या वेळानं त्यानं मोटर बंद केली.