लोटली, दुपारी साडेबारा

कुमठ्याहून आलेले आम्ही अकरा लोटलीकर,
गाइड एकटाच, एव्हारिस्त ब्रागांझा.
पत्रकात लिहिलं होतं : मूळ गावाचं दर्शन, जेवणासह.

त्यानं गाडी शेताच्या मेरेपाशी थांबवली.
"हांगाच. तुमचो देव हांगाच आसलो."
बघायला काही नव्हतं.
चार चिरे, त्यांवर कुणाची वाळत घातलेली गोधडी,
आणि तळं,
त्यात एक रेडा नाकापर्यंत निवांत.

प्रमिलाआत्तेनं व्हिक्सच्या रिकाम्या डबीत
माती भरली. कुणी हसलं नाही.

"नदीपलीकडे रातोरात नेला," मी म्हणालो,
जणू वल्ह्याला मीच होतो.
"जाणां," तो म्हणाला.
"जे मागे राहिले, त्यांच्यातले आम्ही."

मग टोपी काढून घाम पुसत :
"तुमच्या आडनावात माझा गाव.
माझ्या आडनावात पोर्तुगालातला कुठलासा.
मी काय तो बघितलेला नाही."

विहिरीला अजून पाणी होतं.
त्यानं कळशी ओढली, आधी स्वतः प्यायला,
मग आत्तेसमोर धरली.

आत्तेचा सोमवार, कडक.
डबी कमरेला खोचून
तिनं ओंजळ पुढे केली.

परतताना गाडीत एवढंच म्हणाली :
पाण्याला व्हिक्सचा वास होता.